नाही न म्हणणाऱ्या दोघी

त्याला खरं नाव होतं, पण न वापरल्यामुळे ते गंजून गेलं होतं. ऑफिसात सगळे त्याला तणतणे म्हणत, अगदी आडनावासारखं. नवा माणूस कामावर लागला की त्याला हे खरंच आडनाव वाटे आणि तो आदराने ‘तणतणेसाहेब’ अशी हाक मारी. तणतणेही ‘हं, बोला’ म्हणून वळून बघे.

त्याचा धंदा प्रोग्राम लिहिण्याचा, आणि छंद ज्या भाषेत लिहायचे त्या भाषेला नावं ठेवण्याचा. धंद्यापेक्षा छंदात तो जास्त मुरलेला. भाषा म्हणजे माणसांची नव्हे, मशीनला समजणारी. फोनवर बोट टेकवून कुठलंही पान उघडलं की त्या पानामागे बहुधा तीच राबत असते, इतकी चलतीची. साऱ्या जगाने तिला घरात घेतलेली आणि एकट्या तणतणेचा तिच्याशी उभा दावा.

त्याची खुर्ची खिडकीपाशी होती. खिडकीत मालकीणबाईंनी हौसेने एक झाड ठेवलेलं. जगातली सगळी झाडं उजेडाकडे वाकतात. हे झाड तणतणेची तणतण ऐकून ऐकून उजेडाकडे पाठ करून फायलींच्या कपाटाकडे वाकलं होतं. खिडकीबाहेरच्या कबुतरांनी तर घरटं उचलून समोरच्या इमारतीत नेलं, अंड्यांसकट. खोटं वाटत असेल तर समोरच्या इमारतीत घरटं आहेच.

“पाचात दोन मिळव म्हटलं,” सकाळी संगणक सुरू होतो न होतो तोच तो म्हणे, “तर बावन्न! का? तर पाच म्हणे अक्षर म्हणून आला होता, म्हणून दोन त्याच्या शेजारी नेऊन बसवला. बरं बाई, अक्षर तर अक्षर. मग त्याच पाचातून दोन वजा कर म्हटलं तर नकार द्यावा की नाही? नाही! मुकाट्याने तीन काढून देते. मिळवताना अक्षर, वजा करताना आकडा. ही काय रीत झाली?”

“अहो तणतणे,” मालकीणबाई आपल्या खोलीतून ओरडत, “अख्खं जग चालतंय तिच्यावर.”

“म्हणूनच असं चालतंय!”

मग गाडी महिन्यांवर येई. तारखा एकपासून मोजायच्या आणि महिने शून्यापासून, म्हणजे वर्षाचा पहिला महिना शून्यावा. मग जो आकडा नाही त्याच्यावर. “त्याचं नावच मुळी ‘आकडा नाही’ असं ठेवलंय. आणि तिला विचारा, हा कोणापैकी? तर म्हणते, आकडा!” शेवटी त्याचा हुकमी एक्का. कुणाचा वाढदिवस असो, कुणाचा निरोप असो, केक कापून झाला की मंडळी म्हणत, तणतणे, ते दहाचं सांगा. आणि तणतणे उभा राहून सांगे.

“नऊ आणि दहा, दोघांना रांगेत उभं कर म्हणावं. कोण पुढे? दहा! शब्दकोशातल्यासारखं नुसतं तोंड बघते. दहाचं तोंड एकाचं, म्हणून तो आधी. शंभर दोनच्या आधी. हजारही दोनच्या आधी! हिच्या हातात शाळेची कवायत दिली ना, तर दहावी उभी राहील बालवाडीच्या पुढे!”

हशा व्हायचा. तणतणे खूश होऊन खाली बसायचा आणि उरलेला केक खायचा.

पण त्याचं खरं दुखणं वेगळं होतं, आणि ते सांगताना त्याचा आवाज खाली यायचा. “खोडी कुणाला नसतात? पण ही कधी नाही म्हणत नाही हो. समजलं नाही तर समजलं नाही म्हणावं. तसलं काही नाही. दुकानात छत्री मागितली, छत्री नसली, तर हा दुकानदार कागदात कोबी गुंडाळून देतो आणि हसून म्हणतो, या पुन्हा. आपण पावसात जाऊन कोबी डोक्यावर धरायचा आणि मग विचार करायचा, चुकलं कुठे.”

“मग सोडा की ती भाषा,” हिशेब बघणाऱ्या बाई म्हणत.

“सोडून जाऊ कुठे?” तणतणे म्हणे. “कामं तर सगळी तिच्यातच येतात.”

असंच एक काम वस्तीतल्या डोळ्यांच्या दवाखान्याचं आलं होतं. आलेल्या माणसाला यंत्रातून नंबराची चिठ्ठी मिळायची, आत डॉक्टरांनी बटण दाबलं की राहिलेल्या नंबरांची रांग लावून यंत्राने पुढचा नंबर भिंतीवरच्या पाटीवर पेटवायचा. साधं काम. तणतणेने चार शिव्या जास्त घालून ते हां हां म्हणता लिहिलं. तपासणीच्या दिवशी ऑफिसात खुर्च्या मांडल्या, सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या. माणसं कमी पडली म्हणून चहावाल्यालाही बसवलं. कसेबसे नऊ भरले. नंबर पेटला की एकेक जण उठायचा, मालकीणबाईंच्या खोलीत जाऊन डोळे मिचकावून यायचा. यंत्र झकास चाललं.

दवाखान्यातही झकास चाललं. कारण तिथले म्हातारे डॉक्टर नवव्या पेशंटला तपासता तपासता जांभई देत आणि दहाव्याला चिठ्ठी घेण्याआधीच म्हणत, तुमचे डोळे उद्यापर्यंत टिकतील, उद्या या. एवढी शिस्तीची जांभई वैद्यकाच्या इतिहासात दुसरी झाली नसेल. वर्षानुवर्षं त्या यंत्राने दहा हा आकडा पाहिलाच नाही.

*

घरात दोघंच, तणतणे आणि त्याची आई. लग्नाचं राहूनच गेलं. रोजच्या भांडणाचा कोटा त्याचा ऑफिसातच संपायचा. तरी जे उरे ते तो संध्याकाळी घरी घेऊन येई. पायातले बूट काढता काढता सुरू होई आणि जेवून उठेपर्यंत संपत नसे. आई समोर बसून ‘हं’ म्हणे. मधूनच म्हणे, “जाऊ दे रे. सांभाळून घेत असेल बिचारी.”

“कोण बिचारी?”

“तुझी ती भाषा. समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं सगळ्यांनाच जमतं असं नाही.”

आईला तर मुळीच जमत नसे. तिच्या गोष्टी हा तणतणेचा दुसरा हुकमी एक्का. एकदा त्याने चहात साखरेऐवजी मीठ घातलं; आईने कप रिकामा करून ‘छान झालाय’ म्हणून विसळून ठेवला. एकदा ती चुकीच्या बसमध्ये बसली. वाहकाला वाईट वाटू नये म्हणून शेवटच्या थांब्यापर्यंत गेली आणि चालत परत आली. शेजारणीने दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली, तर आईने दोन वर्षं ‘ओ’ दिली. ऑफिसात हे सांगताना तणतणे हातवारे करी आणि हिशेबाच्या बाई डोळे पुसत हसत.

अलीकडे त्यात नव्या गोष्टींची भर पडली होती. आई आता पेपर त्याच्याकडून वाचून घेई. म्हणे, तुझा आवाज किती छान आहे. तणतणेला आयुष्यात त्याच्या आवाजाबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं. तो खूश होऊन हवामानाचा अंदाजसुद्धा सुरात वाचे. घरात चालताना ती भिंतीवरून हात फिरवत चाले. म्हणे, भिंत गार लागते, बरं वाटतं. पाणी ग्लासाच्या शेजारी ओते आणि म्हणे, ग्लासच सरकला मेला. हेही त्याने ऑफिसात सांगितलं. हेही हसून झालं.

आणि गेल्या आठवड्यात ती सकाळी सकाळी आवरून बसू लागली. “कुठे निघालीस?” “वाचनालयात.” “जा, जा. तेवढाच विरंगुळा.”

जी बाई पेपर वाचून घेते ती वाचनालयात काय करते, हा प्रश्न हजारो ओळींतली एक चूक हुडकून काढणाऱ्या माणसाला पडला नाही.

*

दवाखान्यातून फोन आला तेव्हा तो महिन्यांवर बोलत होता.

“साहेब,” चिठ्ठ्यांच्या खिडकीवरच्या ताई म्हणाल्या, “तुमचं यंत्र लाच खातं.”

“काय खातं?”

“लाच. पहाटे उठून येतात त्यांना शेवटी ठेवतं, आणि आरामात येतात त्यांना आधी आत पाठवतं. नव्या डॉक्टरीणबाई आल्यापासून हे सुरू झालंय. माझ्या खिडकीवर लोकांनी मुठी आपटल्यात. तुम्ही या आणि तुमच्या मुठी बघू किती मोठ्या आहेत.”

नव्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांना जांभई येत नसे, हात झरझर चाले आणि बोलणं गोड. त्यामुळे दवाखान्यात ही गर्दी. तणतणे संगणक काखोटीला मारून पोचला तेव्हा बाकं भरून माणसं भिंतींना टेकून उभी होती. कुणाकडेही न बघता, खांद्यांनी वाट काढत, तो खिडकीमागच्या खोलीत शिरला आणि यंत्राने सकाळी लावलेली अख्खी रांग उघडून बसला.

एक, दहा, अकरा, बारा... एकोणीस संपल्यावर दोन. मग वीस.

तणतणेच्या चेहऱ्यावर आधी कळा आली. जुना वैरी भर बाजारात पकडला गेल्यासारखी.

“बघा!” तो म्हणाला. “बघा ताई, मी म्हणत नव्हतो? दहा आधी, दोन नंतर! नुसतं तोंड बघते. लवकर येणाऱ्यांचे नंबर लहान, म्हणून तेच मागे. कधी म्हणाली का की मला समजलं नाही? नाही! हसत हसत कोबी दिला!”

ताईंना कोबी कळला नाही. पण बाकीचं कळलं.

“म्हणजे ही असं करते हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“ठाऊक? अहो, वर्षानुवर्षं बोंबलतोय मी. ऑफिसात कुणालाही विचारा. प्रत्येक वाढदिवसाला सांगतो.”

“मग यंत्रात का नाही दुरुस्त केलंत?”

तणतणेने पडद्यावरच्या रांगेकडे पुन्हा बघितलं. आकड्यांना आकडे म्हणून बघ, असं त्या भाषेला सांगायला एक ओळ लागते. बोटाच्या पेराएवढी. ती त्याला झोपेत लिहिता आली असती. पण त्या खोडीला त्याने इतक्यांदा नावं ठेवली होती, तिच्यावर इतका केक खाल्ला होता, की तिचा बंदोबस्त कधीच करून झाला अशी त्याच्या मनाची समजूत होऊन बसली होती.

“सांगत तर होतो,” तो शेवटी पुटपुटला.

“कुणाला?” ताई म्हणाल्या. त्यांना टोचायचं नव्हतं; त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

त्याने ती ओळ लिहिली.

“झालं? मग सातला घ्या आधी,” ताई म्हणाल्या. “बाकीचे लहान नंबरवाले भांडून आत जाऊन आले. एक सात तेवढा राहिलाय. म्हातारी बाई आहे. तिसऱ्यांदा येतेय. गेल्या दोन्ही वेळा डॉक्टरीणबाई उठून गेल्या तरी हिचा नंबर नाही. मी म्हटलं, आजी, भांडा की जरा. तर म्हणते, असू दे, यंत्राचं काही तरी कारण असेल.”

आतून बटण दाबलं गेलं. भिंतीवर सात पेटला. घंटी वाजली.

कुणी उठलं नाही.

पुन्हा घंटी. पाटीवर हा एवढा लालभडक सात, आणि बाकावरून कुणी हलेना. तणतणे खिडकीतून वाकून बघू लागला. कोपऱ्यातल्या बाकाच्या टोकाला एक बाई बसली होती. चिठ्ठी मुठीत घट्ट धरलेली, मान वर, नजर थेट पाटीवर. त्या सातवर तिची नजर होती आणि सात तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

तिच्या खांद्यावरची, नीट घडी घातलेली ती शाल त्यानेच घरी आणली होती.

तो बाहेर आला. माणसं ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. समोर कुणीतरी उभं आहे एवढं तिला जाणवलं. तिने मान वर केली, त्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं, आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने विचारलं,

“अहो दादा, सात नंबर लागला का हो?”

त्याने तिचा हात हातात घेतला. हात तिने लगेच ओळखला.

“अगं बाई, तू?” ती दचकली. मग चोरी पकडली गेलेल्या माणसाने करावी तशी तिने घाईघाईने सारवासारव केली. “तुझं यंत्र झकास चाललंय हं.”

*

डॉक्टरीणबाईंनी उजेड टाकून, थेंब घालून, पुन्हा उजेड टाकून सावकाश बघितलं. उजव्या डोळ्यावर मोतीबिंदू पिकला होता. तो काढता येईल, काळजी नको. डाव्यात काचबिंदू. त्यातलं जे गेलं ते गेलं, परत येणार नाही. उरलेलं थेंबांनी राखायचं.

“लवकर का नाही आलात, आजी?” त्या म्हणाल्या. “अजून थोडे दिवस अशाच परत जात राहिला असतात, तर राखायलाही काही उरलं नसतं.”

आईने लेकाकडे, म्हणजे लेक जिथे असेल असं तिला वाटलं तिकडे, बघितलं आणि म्हणाली, “घरात जरा गडबड होती.”

बाहेर आल्यावर दवाखान्याच्या पायरीवर तो बसला. तीही बसली.

“किती दिवस झाले?” त्याने विचारलं.

“कशाला?”

“आई.”

“बरेच,” ती म्हणाली.

“मला का नाही सांगितलंस? नाही दिसत तर नाही दिसत म्हणायचं! मला कसं कळणार? मी विचारत होतो ना, बरी आहेस ना म्हणून?”

“विचारायचास की. आणि लगेच बूट काढायचास.” तिने शालीचं टोक सरळ केलं. “अरे, तू यायचास तोच तापलेला. दिवसभर तुला त्या भाषेने छळलेलं. त्यात मी आणखी काय घालू? घरात तक्रारीची खुर्ची एकच. तिच्यावर तू बसलेला. तू उठशील, मग बसू, असं म्हणत होते. तू काही उठेनास.”

रस्त्यावरून एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. तिचं चाक कुईकुई करत होतं. तणतणेने बुटाची सुटलेली नाडी बांधली.

“आणि इथे तरी भांडायचंस. नंबर चुकतोय हे तुला कळत नव्हतं?”

“कळत होतं. पण तुझं यंत्र ते. चार लोकांत मी त्याला नावं ठेवू?”

*

त्यानंतर ऑफिसात बरंच काही झालं. तणतणेने आपली सगळी जुनी कामं पुन्हा उघडली आणि जिथे जिथे ती भाषा मुकाट्याने चूक गिळेल असं वाटलं तिथे तिथे तिला नीट, नेमकं सांगितलं. हे असेल तर थांब. हे नसेल तर ओरड. गंमत अशी, की नेमकं सांगितलं की ती ऐकत होती. खोडी तिच्या तशाच राहिल्या. महिने अजून शून्यापासूनच मोजते. पण वाढदिवसाला कुणी ‘दहाचं सांगा’ म्हटलं तर तणतणे म्हणतो, “ते दुरुस्त केलं,” आणि खाली बसतो. मंडळी जरा हिरमुसतात. खिडकीतलं झाड सरळ झालंय. मालकीणबाई म्हणतात खत बदललं म्हणून.

घरीही त्याने विचारायची पद्धत बदलली. ‘बरी आहेस ना’ हा प्रश्नच त्याने बंद केला, कारण त्याला एकच उत्तर होतं. आता तो विचारी, माझ्या शर्टाचा रंग कुठला? दारात कोण उभं आहे? थेंब घातल्यावर जळजळतं की चुरचुरतं? आईला आधी ही परीक्षा वाटली. मग हळूहळू ती उत्तरं देऊ लागली. उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी तिने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “म्हातारा झालास रे.” तणतणेला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

तरी त्याच्या धंद्याची सवय. दुरुस्ती खरंच लागू पडली की नाही हे बघायला मुद्दाम काही तरी चुकीचं घालून बघायचं असतं. एका संध्याकाळी त्याने बूट काढले, एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात गेला, दोन कप चहा केला आणि दोन्हींत चमचाभर मीठ घातलं.

आईने घोट घेतला. थांबली.

“कसा झालाय?”

“छान.”

तणतणेचा चेहरा पडला. पण तो काहीच बोलला नाही, भाषेबद्दल नाही, दवाखान्याबद्दल नाही. नुसता समोर बसून राहिला. खुर्ची सोडून, खाली, स्टुलावर.

आईने दुसरा घोट घेतला. कप बशीत ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.

“मीठ पडलंय,” ती म्हणाली. “मी नाही पिणार हा.”

“नको पिऊस.”

“आणि मागेही पडलं होतं. तेव्हा सगळा प्यायले मी. रात्रभर पाणी पीत होते.” तिचा आवाज जरा वर गेला. तिलाच तो नवा वाटला असावा. ती क्षणभर ऐकत राहिली आणि मग तिने तो तसाच वर ठेवला. “आणि पेपर तू फार भरभर वाचतोस. आणि हवामानाला चाल कशाला लावतोस रे? शेजारीपाजारी काय म्हणत असतील? आणि ही खुर्ची पाठीत टोचते, तू आणलीस तेव्हापासून टोचते. आणि तो आतला दिवा...”

तणतणेने आपला कप उचलला, खारट चहाचा एक मोठा घोट घेतला, आणि म्हणाला,

“हं. दिव्याचं काय?”